बॉनेटवरचं कुंकू

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना आमच्या ह्यांनी फायबरची एक गाडी विकत घेतली. गाडी म्हणजे गाडी नव्हे, गाडीचं नुसतं कवच. बॉडी, दोन दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण. बाकीचं आपलं आपण जमवायचं: जुन्या छोट्या मोटारीचा सांगाडा नि इंजिन आणायचं, दुरुस्त करायचं आणि त्यावर हे कवच बसवायचं. धायरीला माझ्या भावाच्या रिकाम्या गोठ्यासमोर टेम्पोतून ते उतरलं तेव्हा मी विचारलं, "उरलेली गाडी कधी येणार?"

"उरलेली मी आहे," हे म्हणाले.

खोटं नव्हतं ते. हे एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते. केसाएवढा फरक ह्यांच्या बोटांना कळायचा. घरात पाहुणा आला की मी त्याला ह्यांच्या हातात दोन कागद द्यायला सांगायचे, आणि कोणता जाड ते हे डोळे मिटून सांगायचे. मी शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवली, पण माझी रेघ फळ्यावरची. ह्यांची रेघ लोखंडावरची होती. कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांत सायकल ठेवायला जागा नव्हती, म्हणून गाडीचा संसार माझ्या माहेरी थाटला गेला. भावाने म्हशी केव्हाच विकल्या होत्या. दर रविवारी हे डबा घेऊन धायरीला जात आणि संध्याकाळी काळ्या नखांनी परत येत. दोन वर्षांत सांगाडा उभा राहिला, इंजिन फिरायला लागलं, बॉडी त्यावर बसवून झाली. उरलं होतं ते बॉडी घासून, तिच्या खाचा भरून, रंगासाठी तयार करणं. ते काम निवृत्त झाल्यावर निवांत करू, असं हे म्हणाले.

निवृत्त झाले आणि तिसऱ्या महिन्यात, संक्रांतीच्या आधी, एका सकाळी चहाचा कप ह्यांच्या हातातून खाली पडला. ह्यांनी तो पडताना पाहिला, मी ह्यांना पाहिलं. कप हातातून सुटल्याचं हाताला कळलंच नव्हतं.

बारा दिवस दवाखान्यात काढले. बोलणं शाबूत राहिलं, पाय थोडा ओढत का होईना चालायला लागला. उजवा हात मात्र हलायचा, पण त्याला कळायचं नाही. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी ह्यांना डोळे मिटायला लावायची आणि त्या हातात काही ना काही ठेवायची. कधी किल्ली, कधी बटण, कधी रुपया. "काय आहे, काका?" ती विचारायची. हे बराच वेळ चाचपत राहायचे आणि म्हणायचे, "काहीतरी आहे." किल्लीला काहीतरी, बटणाला काहीतरी. एकदा तिने हातात काहीच ठेवलं नाही आणि हे म्हणाले, "काहीतरी आहे." त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिले.

तिने दिलेला रबरी चेंडू ह्यांनी टेबलाच्या खणात टाकला आणि गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसले. ते बसलेच. आता मी ज्या माणसाशी लग्न केलं तो कसा होता हे सांगितल्याशिवाय हे बसणं कळणार नाही. भर दुपारी दोन वाजता बेल वाजवणाऱ्या शेजाऱ्याला दार उघडून, "घड्याळ दुरुस्तीला दिलंय का?" असं विचारणारा हा माणूस. मी नवी साडी नेसून पुढ्यात उभी राहिले तर, "पडद्याचं कापड उरलं होतं वाटतं," म्हणणारा. आयुष्यभर मी त्या जिभेला वैतागले. आणि आता तोच शेजारी दुपारी दोनला आला तर हे म्हणायचे, "या, बसा ना." मला धडकीच भरायची.

मार्च लागला तशी एकाची विचारणा आली. त्याचा हायवेला ढाबा होता. त्याला ती बॉडी ढाब्यासमोर ठेवून तिच्यात शोभेची झाडं लावायची होती. ह्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "देऊन टाक."

"कुंड्या लावणारे तो तिच्यात."

"लावू दे. काहीतरी उगवेल तरी."

मी त्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मला मोटारीतलं काही कळत नव्हतं. पण एवढं पक्कं कळत होतं की ती गाडी त्या ढाब्यावर गेली, तर हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठणार नाही. नवऱ्याला उठवायचं असेल तर आधी गाडी उठवायला हवी. दुसऱ्या दिवशी मी ह्यांचा जुना शर्ट-पायजमा पिशवीत घातला, कपाटातून ह्यांची वही काढली आणि धायरीची बस पकडली.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. बॉडी रंगासाठी कशी तयार करायची, हे ह्यांनी आजारी पडण्याच्या आधी क्रमवार लिहून ठेवलं होतं. उजव्या हाताचं ते अक्षर, सरळ, टोकदार, मोजून मापून काढल्यासारखं. पहिल्याच पानावर होतं: "रंग पांढरा. फायबर उन्हात तापते, गडद रंगाखाली फोड येतात. चर्चा नको." त्याखाली: "आधी धुणे. धुतल्याशिवाय पॉलिश पेपर लावणारा मूर्ख." कारणही लिहिलं होतं. साच्यातून बॉडी सुटून यावी म्हणून साच्याला आतून मेण फासतात, ते बॉडीला चिकटून येतं. ते न काढता घासलं, तर मेण चरांत जाऊन बसतं आणि तिथे रंग धरत नाही, डोळ्यासारखी भोकं पडतात.

मी दोन दिवस नुसती धुतच होते. साबण, पाणी, पुन्हा साबण. मग दोन फडकी घ्यायची, एक थिनरमध्ये भिजवलेलं आणि एक कोरडं. ओल्याने पुसायचं आणि वाळायच्या आत कोरड्याने उचलून घ्यायचं. शेवटी तांब्याभर पाणी ओतून बघायचं. पाण्याचे थेंब थेंब झाले तर मेण आहे, सलग पसरलं तर गेलं. भाऊ गोठ्याच्या दाराशी उभा राहून बघत होता. त्याला राहवलं नाही.

"ताई, म्हस कधी धुतली न्हाईस तू, आन् ही धुवायला बसलीस?"

"म्हशी धुवायला तू होतास," मी म्हणाले. "बादली भरून आण."

पाणी पसरलं त्या दिवशी मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. "बरं," हे म्हणाले.

मग घासणं. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे बॉडीवर एक उभार रेघ राहते, ती आधी काढायची. मग सगळी चकाकी मारायची, म्हणजे पुढच्या थरांना धरायला काही राहतं. फायबरची धूळ म्हणजे खाजखुजलीची बहीण. तोंडाला फडकं, डोक्याला रुमाल, बाह्या मनगटाशी बांधलेल्या, तरी ती गळ्यात शिरायची. गरम पाण्याने अंघोळ केली तर आणखी आग, म्हणून आधी गार पाणी घ्यायचं, हे मी वहीतून नव्हे, रडत रडत शिकले. एकदा रिक्षावाल्याने आरशातून माझे पांढरे केस, पांढऱ्या भुवया पाहिल्या आणि विचारलं, "गिरण चालवता का, मावशी?" मी म्हटलं, "हो. दळण आहे का?"

फायबरच्या वरच्या थराखाली हवेचे बारीक बुडबुडे राहिलेले असतात. वरून काही दिसत नाही. ते तसेच ठेवले तर पुढे उन्हात फुगून रंग फोडतात. म्हणून ते शोधून, टोचून, फोडून, मग भरायचे. मी घरचं दाभण घेऊन गेले. इंच इंच टोचत जायचं, जिथे टोक आत गेलं तिथे पुट्टी. पुट्टीत ती घट्ट करणारा हार्डनर किती घालायचा हे एप्रिलच्या उन्हात तीनदा चुकलं. कालवता कालवताच तिचा दगड झाला. चौथ्यांदा मी भल्या सकाळी गेले आणि जमवलं.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगायचे. खरं सांगते, कधी कधी मुद्दाम चुकीचं सांगायचे. "आज मी पुट्टी बोटानेच फासली." वाटायचं, आता खुर्चीतून उठतील, आता ओरडतील. "बरं," हे म्हणायचे. एकदा तर मी म्हटलं, "आज न धुताच घासायला घेतलं." म्हणजे वहीच्या भाषेत मूर्ख. हे म्हणाले, "दमली असशील. चहा घे." मी चहा घेतला आणि त्या दिवसापासून सांगणं बंद केलं.

बंद केलं आणि एक गंमत झाली. आता मी ते काम ह्यांच्यासाठी करत नव्हते, कामासाठी करायला लागले. वहीत एक वाक्य होतं: "डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. बोटांनी बघू नये. पूर्ण तळहात सपाट ठेवून, डोळे मिटून, लांबवर फिरवावा." पहिले दोन महिने मला त्या तळहाताने कप्पाळ कळलं नाही. मग जूनमध्ये कधीतरी, दारावरून हात फिरवताना, मध्येच तो किंचित खाली गेला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मी तिथे पेन्सिलने गोल केला, पुट्टी भरली, लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासलं, पुन्हा हात फिरवला. हात सरळ गेला. मला तेव्हा जे वाटलं ते मी नोकरीच्या पहिल्या पगारालाही अनुभवलं नव्हतं. मग मी सुटलेच. आयुष्यभर पोरींच्या वह्यांत चुकांना गोल केले होते, आता गाडीला करत सुटले. भाऊ म्हणायचा, गाडीला देवी आल्यात.

वहीत ठळक रेघ मारलेलं आणखी एक वाक्य होतं: "एकाच जागी घासू नये. डाग जातो, खड्डा राहतो." ठोकळा नेहमी लांब चालवायचा, आडवा-तिरपा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे मी गीतेसारखं पाळलं. म्हणजे दसऱ्यापर्यंत.

श्रावणात कात्रजचा एक पेंटर प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मारायला आला. शाळेच्या व्हॅन आणि टेम्पो रंगवणारा माणूस, तोंडात शब्द मोजके. गोठ्यात येऊन त्याने न बोलता चारी बाजूंनी हात फिरवला.

"कोणी केलं?"

"मी."

"हं," तो म्हणाला. पुण्यात हे प्रशस्तिपत्रकच समजायचं.

त्याने करडा प्रायमर मारला. त्यावर मी काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून घेतला आणि ओला पेपर घेऊन पुन्हा घासायला बसले. काळं जिथे राहतं तिथे खोलगट. पुन्हा भर, पुन्हा घास. सप्टेंबर संपता संपता सगळी गाडी एकसारखी करडी, अंड्याच्या टरफलासारखी मऊ झाली. पेंटर म्हणाला, दसऱ्याआधी मला श्वास घ्यायला वेळ नाही, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आणा. प्रायमर उघडा असतो, हाताचं तेलसुद्धा पितो, म्हणून मी गोठ्याच्या दारावर खडूने पाटी लिहिली: "गाडीस हात लावू नये. कारण विचारू नये." भावाला तर आत येण्याआधी मी साबणाने हात धुवायला लावायचे. त्याच्याच गोठ्यात.

आणि मग दसरा आला.

माहेरी दसऱ्याला सगळ्या अवजारांची पूजा. पूर्वी नांगर, बैलगाडी, कोयते; आता भावाची मोटारसायकल आणि पाण्याची मोटर. आमच्याकडची पद्धत अशी की कुंकू तेलात कालवायचं. गाडी, नांगर उघड्यावर असतात, कोरडं कुंकू वाऱ्याने उडतं. तेलातलं दिवाळीपर्यंत टिकतं. लहानपणी वाटीत कुंकू कालवायचं काम माझं होतं. त्या सकाळीही भावाने वाटी माझ्या हातात दिली. हे जेवायला आले होते, मी जबरदस्तीने आणलं होतं. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. इतक्या महिन्यांत ह्यांनी गोठ्याकडे मानही वळवली नव्हती.

मी मोटारसायकलला स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली. पाण्याच्या मोटरला काढलं. मग वाटी घेऊन गोठ्यात गेले. आत माझी गाडी उभी होती. तीच पाटी, तेच दार, माझंच अक्षर. मला फार भरून आलं होतं. सात महिने जिला घासलं, ती उद्या रंगायला जाणार. मी बोट वाटीत बुडवलं आणि तिच्या बॉनेटवर, बरोबर मधोमध, छान मोठं स्वस्तिक काढलं. वर दोन बोटं हळद ओढली. हात जोडले.

शाळेत एखादी हुशार मुलगी पेपरात दोन अधिक दोन पाच लिहून येते तेव्हा मी तिला विचारायचे, तुझं डोकं कुठे होतं? आता मला कळतं, ती काय सांगणार होती.

भावाने ओट्यावर जाऊन हाक मारली, "दाजी, चला, नारळ तुमीच फोडा. गाडी तुमची हाय." मेव्हण्याच्या हाकेला नाही म्हणणं ह्यांना जमलं नाही. हे पाय ओढत आले, पाटी वाचली, आत आले आणि थांबले.

बॉनेटवरून तेलाचा लाल ओघळ हळूहळू खाली चालला होता.

"अगं, तेल?" हे म्हणाले. मग आवाज चढला. "प्रायमरवर तेल? वा! आता ओटीही भरून टाक तिची, म्हणजे राहिलं नको काही!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काय केलं ते मला त्या क्षणी दिसलं. पण त्याच वेळी दुसरंही ऐकू आलं होतं. नऊ महिन्यांनी तो आवाज आला होता. तो जुना, खवचट, माझ्या डोक्यात जाणारा आवाज. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण मला आला राग, आणि राग आला की माझी धायरी बाहेर पडते.

"बोलाया येतंय व्हय?" मी ओरडले. "इतकं दिस कुठं व्हता? मी हितं एकली मरत व्हते तवा खुर्ची सोडली न्हाई, आन् आता आलाय चूक काढायला!"

भाऊ नारळ घेऊन मागच्या मागे सरकला. हे माझ्याकडे बघत राहिले. मग बॉनेटकडे.

"पुसू नकोस," हे म्हणाले. "हात नको लावूस. पसरेल. थिनर कुठाय? दोन फडकी आण." आणि डाव्या हाताने सदऱ्याची बटणं काढायला लागले.

ह्यांनी डाव्या हाताने तेल उचललं. एक फडकं ओलं, एक कोरडं, प्रत्येक वेळी फडक्याची नवी घडी. उजवा हात नुसता बॉनेटच्या कडेवर ठेवलेला होता, वजनासारखा. तेल गेलं. पण कुंकवाचा रंग प्रायमरने पिऊन टाकला होता. स्वस्तिक आता गुलाबी, पुसट, पण जागच्या जागी होतं. त्यावर पांढरा रंग मारला असता तर ते हळूहळू वर आलं असतं.

भावाने पेंटरला फोन लावला. पेंटरने सगळं ऐकून घेतलं. "मग लाल मारू का?" त्याने विचारलं. "लालात दिसणार नाही."

मला क्षणभर ते फार शहाणपणाचं वाटलं. पण ह्यांनी फोन ओढून घेतला. "पांढरी ठरली आहे," हे म्हणाले. "पांढरीच होईल."

"चार दिवस देतो," पेंटर म्हणाला. "नंतर दिवाळीनंतर."

आम्ही बॉनेट सोडवून दोन स्टुलांवर ठेवलं. पुरणपोळ्या तशाच राहिल्या. हे एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आणि सगळं बॉनेट पार मूळ फायबरपर्यंत घासायचं. नुसत्या डागापुरतं नाही, सगळं, कारण एकाच जागी घासू नये. ह्यांचा डावा हात अडाणी होता. ठोकळा वाकडा जायचा, पाण्याच्या बादलीत पडायचा. पडला की हे त्याला उद्देशून काहीतरी बोलायचे, ते इथे लिहिता येत नाही. मी मान खाली घालून घासत होते, आणि मला रडू आणि हसू एकदमच येत होतं.

दुसऱ्या दिवशी हे माझ्या आधी तयार होऊन दारात उभे होते. "बस किती वाजता असते?" ह्यांनी विचारलं. मी सात महिने ज्या बसने जात होते त्या बसची वेळ ह्यांना माहीत नव्हती. मी सांगितली, जास्त काही बोलले नाही. मला भीती वाटत होती की बोलले तर मोडेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी हे भावाबरोबर चहाला गेले तेव्हा मी बॉनेटपाशी एकटी होते. सगळं पांढुरकं फायबर उघडं झालं होतं, पण मधोमध, स्वस्तिकाच्या डाव्या बाहूच्या जागी, एक फिकट गुलाबी सावली अजून होती. माझ्या हातची. मला ती बघवेना. मी पेपर घेतला आणि तेवढीच जागा घासली. बोटांनी. जोर लावून. वही मला तोंडपाठ होती आणि मी ते केलं. सावली गेली. मी वरून हात फिरवला, मला काही लागलं नाही. किंवा मी लागू दिलं नाही. ह्यांना काही बोलले नाही.

चौथ्या दिवशी बॉनेट जागेवर बसवून गाडी टेम्पोतून कात्रजला गेली. पेंटरने बॉनेटला नवा प्रायमर मारला, तो मी तिथेच त्याच्या शेडमध्ये ओल्या पेपरने घासून दिला, आणि मग त्याने आम्हाला बाहेर काढलं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी ती परत आली. धायरीच्या अंगणात उन्हात उभी होती. पांढरी. मी तिला तीन फेऱ्या मारल्या. तिच्या चकचकीत दारात झाडाचं प्रतिबिंब दिसत होतं, झाडाची फांदी सरळ दिसत होती, कुठे वाकत नव्हती. मला माझा फार म्हणजे फारच अभिमान वाटला. भाऊ माळ्यावर ठेवलेला नारळ घेऊन आला. "दाजी, दसऱ्याचा ऱ्हायलाय."

ह्यांनी नारळ डाव्या हातात घेतला. दगड गाडीच्या पुढ्यात ठेवलेला होता. खाली वाकायचं तर ह्यांना आधार लागतो, म्हणून ह्यांनी उजवा हात बॉनेटवर टेकला, आणि पाय पुढे ओढताना तो हात बॉनेटवरून सरकला. हे अर्धवट वाकलेले तसेच थांबले.

"इथे काहीतरी आहे," हे म्हणाले.

ते शब्द मी दहा महिने ऐकले होते. एवढ्या चांगल्या दिवशी पुन्हा तेच. मी म्हटलं, "काही नाहीये तिथे. तुम्ही नारळ फोडा."

"थांब." ह्यांचे डोळे दगडाकडेच होते. तळहात सपाट झाला, थोडा मागे गेला, थोडा पुढे. "खड्डा आहे. उथळ. दोन बोटांएवढा, तिरपा."

मी जवळ जाऊन पाहिलं. काही दिसत नव्हतं. पण मला जागा ठाऊक होती. मी आत जाऊन ह्यांची स्टीलची पट्टी आणली, तिची धार तिथे उभी टेकवली आणि डोळा लावला. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ येत होती.

पेंटरच्या हाताला तो लागला नव्हता. माझ्या हाताला तर नाहीच.

"अहो," मी म्हटलं, "कोणता हात आहे तो?"

ह्यांनी आधी नारळाकडे पाहिलं. मग बॉनेटवरच्या हाताकडे पाहिलं. भाऊ काही विचारायला गेला, मी त्याला गप्प केलं. मग हे म्हणाले, "एकाच जागी घासलंस ना तू? वहीत लिहिलं होतं मी. रंग काढावा लागेल सगळा."

"खबरदार," मी म्हणाले. "तो खड्डा तिथेच राहणार. डोळे मिटा. पुन्हा सांगा बघू, कुठे आहे?"

ह्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा सांगितलं.